दोन प्लस म्हणजे नक्की काय?

आईच्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा सगळ्यांचं लक्ष एकाच ओळीवर गेलं : हर-टू, २+. काकांनी फोनवर विचारलं, "म्हणजे सेकंड स्टेज का गं?" मीही 'हो, तसंच असेल' म्हणून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर पेशीचा गोल काढला आणि सांगितलं, या आकड्याचा स्टेजशी काहीही संबंध नाही. हर-टू हे जनुक आपल्या सगळ्यांकडे असतं, सतराव्या गुणसूत्राच्या जोडीवर, म्हणजे दोन प्रती. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या अंगावर बसतं आणि 'वाढ, विभाग' असा निरोप आत पोचवतं. काही गाठींमध्ये या जनुकाच्या प्रती वाढत जातात, प्रथिन वारेमाप बनतं आणि निरोप थांबतच नाहीत. रिपोर्टमधलं 'ओव्हरएक्स्प्रेशन' म्हणजे हेच. स्तनाच्या साधारण १५ ते २० टक्के कर्करोगांत हे सापडतं, पोटाच्या काही कर्करोगांतही.

आईचा प्रश्न वेगळाच होता. "माझ्याकडून पोरींकडे जाईल का हे?" डॉक्टर म्हणाले, "नाही हो आजी, हा बदल फक्त गाठीच्या पेशींत झालाय. तो वारशाने जात नाही." त्या दिवशी आई पहिल्यांदा नीट जेवली.

आता ते २+. गाठीच्या तुकड्यावर रंग चढवतात. हर-टू प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी कडा उमटते. शून्य किंवा एक प्लस म्हणजे निगेटिव्ह, तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. दोन प्लस म्हणजे अधांतरी. सोक्षमोक्ष लावायला फिश ही दुसरी तपासणी, आणि तिच्यासाठी बायोप्सीचा मूळ ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा हवा. तो होता साताऱ्याच्या हॉस्पिटलात.

त्या ब्लॉकसाठी मी तीन खेटे घातले. पहिल्यांदा पेशंटच्या सहीचा अर्ज नव्हता. दुसऱ्यांदा ब्लॉक ठेवणारे गृहस्थ रजेवर. तिसऱ्यांदा एकदाचं पाकीट हातात पडलं. एसटीत बसल्यावर सहज उघडून पाहिलं : बोटाच्या दोन पेरांएवढी प्लॅस्टिकची चौकट, तिच्यात पांढरं मेण आणि मेणात फिकट दोऱ्यासारखे तुकडे. कडेला नंबर, शेवटी ४१८. रिपोर्टवर ४८१. कुणा दुसऱ्याच पेशंटची गाठ माझ्या पर्समध्ये होती! गाडी सुटायच्या आत उतरले. खिडकीतल्या ताईंनी काही न बोलता ब्लॉक बदलून दिला. तो ४१८ पुण्याला गेला असता तर काय झालं असतं, हे आजही मनात येतं. ब्लॉक घेताना नंबर तिथेच जुळवून बघा, संकोच करू नका.

फिशचा निकाल यायला आठ दिवस लागले. त्यात हर-टूच्या प्रती लाल ठिपक्यांसारख्या दिसतात, सतराव्या गुणसूत्राचा मध्य हिरवा. पेशी एकेक करून दोन्ही मोजायचे. आईच्या पेशींत सरासरी ८.४ लाल आणि २.४ हिरवे, म्हणजे गुणोत्तर ३.५. ते दोन किंवा जास्त असलं आणि लाल ठिपके सरासरी चार किंवा जास्त असले, की पॉझिटिव्ह.

विचित्र वाटेल, पण हे ऐकून डॉक्टर जरा खूश दिसले. डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये १८९ गाठी तपासून दाखवलं होतं, की या जनुकाच्या प्रती वाढलेल्या बायकांचा आजार लवकर उलटतो. पण त्याच प्रथिनाला धरून बसणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि चित्र पालटलं. निगेटिव्ह म्हणून सोडून दिलं असतं, तर आईला ते मिळालंच नसतं. २०१४ पासून त्याचं भारतात बनवलेलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच काम करणारं दुसऱ्या कंपनीचं औषध मिळतं, आमचं खर्चाचं गणित त्यावरच जमलं.

सुरुवातीला केमोबरोबर आणि मग नुसतं, दर एकवीस दिवसांनी एक सलाइन, वर्षभरात अठरा. पहिलं दीड तास चाललं, आईला हुडहुडी भरली, दोन चादरी घातल्या. नंतरची अर्ध्या तासात उरकायची. या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, ते त्यात कळतं. सहाव्या महिन्यात हा आकडा ६२ चा ५४ झाला तेव्हा माझाच जीव टांगणीला लागला. डॉक्टरांनी औषध चालू ठेवलं, पुढचा इको ५८ आला.

तपासणीनंतर ब्लॉक आम्हाला परत मिळाला. पुढे कधी लागला तर असू दे, फक्त उन्हात ठेवू नका, असं सांगितलं होतं. आईने तो एलआयसीच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवला. एप्रिलमध्ये कपाटाची पश्चिमेकडची बाजू तापायला लागली, तेव्हा मला न सांगताच तिने पिशवी खालच्या खणात हलवली.