कार्बोरेटर फुटतोय? आधी चोक ओढा

आजचा रविवार जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या बॉनेटखाली. कात्रजच्या चढाला पेडल दाबलं की कार्बोरेटरमधून (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) 'फट्'! (सायलेन्सरमधून फुटणं वेगळं, त्याची गल्लत नको.) वर कार्बोरेटरमधून फुटतंय म्हणजे बहुतेक वेळा पेट्रोल कमी, हवा जास्त. असं मिश्रण सावकाश जळतं. इनटेक व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी झडप) पुन्हा उघडेपर्यंत आत आग शिल्लक राहते आणि तीच उलटी वर येते.

खात्रीसाठी चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी) अर्धा ओढा. फटफट थांबली तर दुखणं इथंच. मग इंजिन बंद करून एअर फिल्टर काढा आणि थ्रॉटल (पेडलला जोडलेली झडप) हाताने झटकन उघडा. आत पेट्रोलची सणसणीत पिचकारी दिसली पाहिजे. आज नुसते दोन थेंब! ही पिचकारी मारणाऱ्या ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम (पातळ पडदा) कडक होऊन चिरलेला. पुण्याच्या नाना पेठेत त्याचं किट शोधा. जेट (पेट्रोल येण्याची बारीक भोकं) मात्र हवेनेच फुंका. तारेने कोरलंत तर भोक मोठं होतं, मग ॲव्हरेज विसरा.

चोकने फरक नाहीच पडला तर पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच) गॅप (साधारण ०.४ मिमी), ठिणगीचं टायमिंग आणि प्लगच्या वायरी बघा, सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. आणि फिल्टर काढलेला असताना चालू इंजिनात डोकावू नका हो, भुवया जातात.