उभे राहा, खोका

मंगळवार, रात्री साडेअकरा

झोप लागत नाही. कुशीवर वळायचं तर आधी मनाची तयारी करावी लागते. परवा ऑपरेशन झालं, काल दुपारी घरी आलो. बेंबीशी एक आणि तिच्याखाली सरळ रेषेत दोन, अशा तीन पट्ट्या. मघाशी आई बघून गेली. म्हणाली, "हे कसलं रे ऑपरेशन? अण्णांना वीतभर चिरलं होतं."

अण्णांचा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, काढला तेव्हा मी चौथीत होतो. तेव्हा आधाराला जाळी सर्रास बसवत नसत, फाटलेलं ओढून शिवायचे. खोकला आला की अण्णा जांघेवर उशी दाबून धरायचे आणि त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. तो चेहरा डोळ्यांपुढे होता म्हणून मी दोन वर्षं गाठ लपवली. आडवं झालं की आत जायची, सिमेंटचं पोतं उचललं की लिंबाएवढी वर. बायकोलासुद्धा बोललो नाही. जागाच तसली.

डॉक्टर म्हणाले, "उभे राहा, खोका." खोकलो. मग दुसऱ्या जांघेत बोट ठेवून पुन्हा, "खोका." तिकडेही निघाला! एकाच बाजूला असता तर जांघेत चीर देऊन, तेवढाच भाग बधिर करूनही भागलं असतं म्हणे. दोन्हीकडे आहे, तर दुर्बिणीतून करू; त्याच तीन भोकांतून दोन्ही बाजू होतात. फक्त पूर्ण भूल लागेल.

पोटाच्या पोकळीत शिरतच नाहीत. स्नायू आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये वायू भरून जागा करतात आणि साधारण १५ बाय १० सेंटीमीटरची जाळी पसरतात. टायरला आतून ठिगळ लावलं की हवेचा दाबच ते धरून ठेवतो, तसं. जाळी पॉलिप्रॉपिलीनची. सिमेंटची पोती विणतात तेच प्लास्टिक! हसू आलं, पण हसलं की दुखतं.

सगळ्यात वाईट काय, तर पहिली लघवी. तासभर नळ सोडून उभा होतो. आणि आज सकाळी खाली सगळं सुजून जांभळं. घाबरून फोन केला. "होतं असं, उतरेल. ताप आला किंवा दुखणं वाढलं तर लगेच या."

दुकानात मात्र 'अपेंडिक्स' सांगून बसलोय. आमच्या हमालाचा हातही पोतं उचलताना हल्ली तसाच जांघेशी जातो. त्याला आता कुठल्या तोंडानं विचारू?