कौलांखाली फॉइल घालायचं होतं, अडलं सह्यांवर

आमचं घर गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका गावात, आजोबांच्या वेळचं. चिऱ्याच्या जाड भिंती, मधे राजांगण, वर मंगलोरी कौलं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर माडीवर बसवत नाही आणि रात्री जेवणं उरकली तरी वरून धग येतच राहते. आईला दम्याचा त्रास. म्हणून ठरवलं की कौलं उतरवायची, किडके वासे बदलायचे आणि कौलांखाली ऊन अडवणारा थर घालायचा. काम सुरू झालं तेव्हा झपाट्यानं झालं. पण त्याआधी एका कागदापायी आमचा सबंध उन्हाळा वाया गेला, आणि ते मला अजूनही सलतं.

फुटकी कौलं बदलायला कुणी हटकत नाही. वासे आणि आढं बदलायचं म्हणजे पंचायतीची दुरुस्तीची परवानगी घ्या, असं मेस्तानंच, म्हणजे मिस्त्रीनंच, सांगितलं. घरपट्टीची पावती, एक-चौदाचा (म्हणजे जमिनीच्या मालकी-नोंदीचा) उतारा, सर्व्हे प्लॅन हे सगळं चटकन जमलं. मग आली सहमालकांची ना हरकत.

एक-चौदावर नाव अजून आजोबांचं. त्यांच्यामागे इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमध्ये मालमत्तेची कोर्टातून होणारी वाटणी, कधी झालीच नाही, आणि गोव्यातल्या कितीतरी जुन्या घरांची हीच गोष्ट आहे. इथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं मुलगा-मुलगी सारखेच वारस. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ताही सामाईक, त्यामुळे वारसाच्या जोडीदाराचीही सही लागते. या कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्यामुळेच मुलगी असून या घरावर माझा हक्क आहे. माझा राग आहे तो कागद हप्त्याहप्त्यानं मागण्यावर.

आधी सांगितलं, काकांची सही आणा. ती नेऊन दिली. मग बेळगावला दिलेल्या आत्याची. ती आणल्यावर आतेभावांच्या बायकांची विचारणा झाली, खरं तर आत्या हयात असताना त्या सह्यांचा संबंधच नव्हता. मग दुबईच्या चुलतभावाचं पत्र स्कॅन केलेलं चालणार नाही, तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित हवं. त्यासाठी त्याला सुट्टी काढावी लागली. शेवटी आत्याचंच नाव अडलं. जन्मनोंद पोर्तुगीज काळातली, तिथं आडनावाचं स्पेलिंग वेगळं, आधारवर सासरचं नाव. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करून द्या म्हणे. हे सगळं पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? एका चिठ्ठीवर मावेल एवढी तर यादी. प्रत्येक वेळी नवा कागद घेऊन जावं, तर सेक्रेटरींकडे दुसऱ्याही पंचायतीचा ताबा, म्हणून खिडकीतून उत्तर, "आयज सेक्रेटरी ना, फाल्यां या," म्हणजे आज नाहीत, उद्या या. सत्तरी ओलांडलेल्या आत्याला बेळगावात पुन्हा नोटरीकडे जावं लागलं, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

तिढा सुटला तो लेखी मागणीनं. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मी पहिल्या दिवशीच घेतला होता, तो फार कामाला आला. गोवा पंचायत राज कायदा, 1994 प्रमाणे अर्जावर 30 दिवसांत निर्णय कळवला नाही तर पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे अपील करता येतं. तसं करणार असल्याचं पत्र देऊन मी त्रुटींची यादी लेखी मागितली. ती मिळाली, आणि मग नवा कागद कुणी मागितला नाही. परवानगी हातात पडली तेव्हा मी पंचायतीच्या पायरीवरूनच आईला फोन केला.

पण तोवर मृग तोंडावर. मेमध्ये कौलांची माणसं आधीच बांधलेली असतात, आणि उघडं छप्पर घेऊन पावसाला सामोरं कोण जाणार? काम दिवाळीनंतर लागलं. म्हणून सांगते, सह्यांचं काम गणपतीत काढा. सगळे वारस तेव्हा घरी येतात, एका दिवसात अर्ध्याहून जास्त सह्या होतात.

आता छपराबद्दल. काचलोकर घाला असं एकानं सुचवलं होतं. कौलांखाली ती मी घेतली नाही. इथल्या पावसात कौलांतून तुषार आत येतात, हवाही ओलसर, आणि भिजलेली लोकर उष्णता अडवायची सोडून लाकूड कुजवते. आम्ही ॲल्युमिनियमचं फॉइल घेतलं, दोन फॉइलमध्ये हवेचे बुडबुडे असलेलं. ते वाशांवर आढ्यापासून पागोळीपर्यंत घातलं, वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढवून. त्यावर वाशांच्याच दिशेनं उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा, मग कौलं. उभ्या पट्ट्या वाचवू नका. त्यांच्यामुळे झिरपलेलं पाणी फॉइलवरून खाली वाहून जातं आणि कौलं व फॉइल यांच्यात इंचभर हवा खेळते. फॉइल दोन्ही बाजूंनी कशाला चिकटलं तर फायदा संपला, चकाकीला मोकळी हवा लागते. आढ्याखाली गरम हवा जायला फट ठेवायला सांगा, गवंडी ती हटकून बुजवतात. उंदीर-वटवाघळांसाठी तिथं जाळी पुरते.

जुनी कौलं टाकली नाहीत. धुऊन, फुटकी वेगळी काढून पुन्हा चढवली. काचेची कौलं मात्र कमी केली, त्यांतून ऊन सरळ आत येतं. नवे वासे किंदळाचे, त्यांना काजूच्या टरफलाचं तेल दिलं. वाळवीसाठी इथं पूर्वापार तेच वापरतात.

यंदाच्या एप्रिलमध्ये आई दुपारी माडीवर झोपली. पंखा लागतोच, घामही येतो, दमट हवेवर फॉइलचा इलाज नाही. पण वरून येणारी ती धग गेली.

एक राहिलं. अर्जाला जोडायचे फोटो कौलं उतरवण्याआधीचे हवेत, चारी बाजूंचे आणि आतून वाशांचेही. किडकं लाकूड त्यांत स्पष्ट दिसू द्या. आमच्याकडे त्यावरूनच दुरुस्ती जुन्याच उंचीवर आणि जुन्याच पायावर होतेय हे मान्य झालं.