पहिली सिक्युरिटी कॉन्फरन्स: लॅपटॉपची तयारी सोलापुरातच उरका

सायबर सिक्युरिटीच्या कॉन्फरन्सला पहिल्यांदा निघालेली मंडळी कोण बोलणार, राहायचं कुठे याची भरपूर चौकशी करतात आणि लॅपटॉप थेट वर्कशॉपमध्ये उघडतात. खरं नुकसान तिथे होतं. बरीचशी भाषणं नंतर यूट्यूबवर बघायला मिळतात, पण स्वतःच्या हाताने करण्याचं वर्कशॉप परत मिळत नाही.

सुरुवात गोव्यात २०१० साली सुरू झालेल्या नलकॉनपासून किंवा केरळ पोलिसांच्या पुढाकाराने भरणाऱ्या कोकॉनपासून, म्हणजे मोठ्या सिक्युरिटी कॉन्फरन्सपासूनच केली पाहिजे, असं नाही. पुण्यात 'नल' आणि 'ओवॅस्प' या सिक्युरिटीवाल्यांच्या गटांच्या मोफत बैठका होतात. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळच्या हुतात्माने परत येता येतं. फक्त दहाला सुरू होणारं सत्र असेल, तर आदल्या रात्रीच पुणे गाठलेलं बरं. मोठ्या कॉन्फरन्सचं तिकीट काढताना एक गोष्ट नीट वाचा: ट्रेनिंगचे पैसे बहुधा वेगळे असतात, प्रवेशाच्या पासात ते धरलेले नसतात. विद्यार्थ्यांना सवलत आहे का, स्वयंसेवक हवे आहेत का, हेही विचारून घ्या.

आता लॅपटॉप. वर्कशॉपमध्ये त्याच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवावा लागतो. ८ जीबी रॅमवर कसंबसं भागतं, १६ असेल तर निवांत. डिस्कवर ८० जीबी जागा मोकळी ठेवा. कंपनीचा लॅपटॉप नेऊ नका. अ‍ॅडमिन हक्क नसतात आणि यूएसबी बंद असतं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा. तिथे 'व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड' दिसायला हवं. 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलवर 'व्हीटी-एक्स' आणि एएमडीवर 'एसव्हीएम' चालू करा. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, कारण बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं आणि भर वर्कशॉपमध्ये ४८ आकडे शोधत बसावं लागतं. नव्या मॅकवर एआरएम प्रोसेसर असतो, त्यावर इंटेलसाठी बनवलेली इमेज (व्हर्च्युअल मशीनची तयार फाइल) नीट चालत नाही. आयोजकांना आधीच विचारा.

काली लिनक्स ही सिक्युरिटीची साधनं भरलेली ऑपरेटिंग सिस्टीम. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामसाठीची तिची तयार इमेज घरच्या वायफायवर उतरवा. सभागृहात शेकडो जण एकाच वेळी काही जीबी ओढायला लागले, की तिथलं वायफाय बसलंच म्हणून समजा. व्हर्च्युअल मशीनला ४ जीबी रॅम आणि २ कोर द्या, एकदा चालू करून बघा, मग स्नॅपशॉट घ्या, म्हणजे काही बिघडलं तर त्या स्थितीला परत येता येतं.

सगळ्यात जास्त वेळ नेटवर्कच्या सेटिंगवर वाया जातो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सुरुवातीला 'नॅट' असतं. त्यात कालीला इंटरनेट मिळतं, पण त्याच लॅपटॉपवरचं दुसरं सरावाचं मशीन दिसत नाही. म्हणून कालीला दोन अ‍ॅडॅप्टर द्या, एक नॅट आणि एक 'होस्ट-ओन्ली' (लॅपटॉप आणि त्याच्या आतली मशीनं एवढ्यापुरतं नेटवर्क). मेटास्प्लॉइटेबलसारखं मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन फक्त होस्ट-ओन्लीवर. ते 'ब्रिज्ड' केलंत, तर सभागृहातल्या सगळ्या नेटवर्कला ते उघडं पडतं, आणि तिथे स्कॅन करणारे कमी नसतात!

तुमच्या फोनलाही हेच लागू. निघण्याआधी अपडेट टाका, ब्लूटूथ बंद ठेवा, बँकेचं काम स्वतःच्या मोबाइल डेटावर करा. फुकट वाटलेला पेनड्राइव्ह कामाच्या लॅपटॉपला लावू नका. लास व्हेगासच्या डेफकॉन कॉन्फरन्समध्ये 'वॉल ऑफ शीप' नावाचा पडदाच असतो. एन्क्रिप्शन नसलेल्या नेटवर्कवरून पकडलेली लॉगिनं त्यावर अर्धवट झाकून दाखवतात. सोबत चार सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, शेजारच्यांशी ओळख त्यावरच होते. जेवणाच्या रांगेत वेळ घालवायचा नसेल, तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत असू द्या.

सीटीएफमध्ये, म्हणजे हॅकिंगची कोडी सोडवण्याच्या स्पर्धेत, एकट्याने उतरू नका. वेब, क्रिप्टो, फॉरेन्सिक्स असे प्रश्न तिघाचौघांत वाटून घ्या. आधी पिकोसीटीएफ या सरावाच्या साइटवरचे सोपे प्रश्न सोडवून बघा. भाषण संपल्यावर वक्त्याला गाठून एकच नेमका प्रश्न विचारा. फोटो काढण्याआधी समोरच्याला विचारा, अनेकांना ते चालत नाही.

परतल्यावर हात शिवशिवतात, पण शिकलेलं कॉलेजच्या किंवा बँकेच्या साइटवर वापरून बघू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. साइट तपासायचीच असेल, तर मालकाची लेखी परवानगी घ्या आणि काय तपासायचं, कधी तपासायचं, हे त्या पत्रातच लिहून घ्या.