बाजारात आलात की जेवून जा

गुरुवार, रात्री

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझा डबा बंद आहे. सकाळी तिचं आवरून, औषधं देऊन कडोलीहून बस पकडायची म्हटल्यावर भाकरी थापायला वेळ कुठला? त्यामुळे सध्या दुपारचं जेवण बाहेर. मी बेळगावात गणपत गल्लीत कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते. बाहेर जेवायचं ठरलं तेव्हा पहिल्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडून बघितले. रोज सव्वाशे रुपये मोडले तर महिन्याच्या सव्वीस दिवसांचे ३,२५० होतात. सत्तरात भागवलं तर १,८२०. मधला जो फरक आहे त्यात आमच्या घरचं महिन्याचं दूध निघतं. म्हणून ठरवलं की नीट शोधायचं. पोटाला मारायचं नाही, पण शंभराची नोटही मोडायची नाही.

खडे बाजाराच्या मुख्य रस्त्याला तोंड असलेल्या हॉटेलात फुल मील ११० ते १२० रुपये. जेवण वाईट नसतं. पुरी नाहीतर चपाती, दोन पल्ल्या म्हणजे भाज्या, सांबार, रसमसारखं पातळ सारू, भात, दही, पापड आणि वाटीभर गोड. पण भात वाढतच राहतात, आणि तेवढा भात खाऊन दुकानात परतलं की खतावणीवर डोळे मिटायला लागतात. तेच जेवण वरच्या एसी हॉलमध्ये घेतलं तर वीस-तीस रुपये जास्त. बहुतेक ठिकाणी लिमिटेड मीलही असतं, पण ते पाटीवर नसतं. विचारावं लागतं. विचारलं की वेटर म्हणतो, "हाय की, ऐंशीला." मग पाटीवर का लिहीत नाहीत?

किर्लोस्कर रोडकडे टोकन घेऊन उभ्यानं खायची हॉटेलं आहेत. इडली-वडा, चित्रान्न म्हणजे फोडणीचा भात, पुरीभाजी, चाळीस-पन्नासात काम होतं. घाईच्या दिवशी मीही तिथे खाते. पण माझा अनुभव असा की चार वाजले की परत पोटात कालवाकालव सुरू होते, मग चहा, मग बटर, आणि सगळं धरून खर्च सत्तरावरच जातो. वर पाय दुखतात ते वेगळंच. दिवसभर उभं राहून साड्या दाखवणाऱ्या आमच्या दुकानातल्या पोरींना उभ्यानं जेव म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आता मी हिशेबातली बाई, म्हणून भाव असे का ते बघत बसते. मुख्य रस्त्यावरचं भाडं ताटात आलंच. हॉटेलला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, घरचा १४.२ किलोचा वापरता येत नाही, आणि त्या मोठ्याचा दर सारखा हलत असतो. अनलिमिटेड जेवणात एक माणूस जो भात टाकून देतो त्याचे पैसे सगळ्यांच्या ताटावर थोडे थोडे चढतात. बिलावर ५ टक्के जीएसटी असतो, तो वेगळा. जी छोटी खानावळ जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत आहे, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कर स्वतः भरते, तिला गिऱ्हाइकाकडून तो वेगळा लावता येत नाही. पाटीवर सत्तर असेल तर सत्तरच द्यायचे. आमच्यासारख्याला ही गोष्ट मोलाची आहे, कारण खिशात मोजून सत्तर असताना बिल साडेत्र्याहत्तरचं आलं की मान खाली जाते.

स्वस्त आणि पोटभर जेवण शेवटी मिळालं ते आतल्या बोळात, एका खानावळीत. नाव लिहीत नाही, जागाच एवढीशी आहे की चार टेबलं मांडली की चालायला वाट उरत नाही. ताट सत्तर रुपये. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, एक भाजी, एक उसळ, शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची चटणी, मूठभर कच्ची मेथी, कांदा, मुळ्याची फोड, वाटीभर दही, मग थोडा भात आणि सारू. शेवटी ताक. जास्तीची भाकरी पंधराला. मुख्य म्हणजे भाकरी मोजून मागता येते. ज्याला एक पुरते त्यानं एक घ्यावी, शेतातनं आलेल्या गड्यानं चार घ्याव्यात. दोघांनाही परवडतं.

भाकरी करणारी अक्का दारातच बसते. काटवटीत पीठ मळून घेते, गोळा तळव्यानं पुढे रेटून एकजीव करते आणि थापायला लागली की भाकरी हाताखाली आपोआप फिरत मोठी होते. तव्यावर टाकली की ओल्या फडक्यानं वरून पाणी लावते. पाणी सुकायच्या आत उलटते, नाहीतर भेगा पडतात. मग तवा सरकवून भाकरी जाळाला उभी करते, ती टम्म फुगते, आणि वाफ धरलेली भाकरी थेट ताटात. मी आल्याचं दिसलं की पिठाच्या हातानंच खुणावते, "बर्री अक्का, बर्री," म्हणजे या, या. मी तिला अक्का म्हणते, ती मला अक्का म्हणते. ती कन्नडमधून बोलते, मी मराठीतून, आणि भाजीला मीठ कमी पडलं तर ते दोघींनाही कळतं. परवा भरली वांगी होती. तीळ, शेंगदाणे, कारळं वाटून भरलेली, वर तेलाचा तवंग. घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "बरी हुऊ दे मला, मग मीबी येतो तिथं."

वेळ मात्र सांभाळावी लागते. साडेबाराला गेलं तर जागा मिळते. दीडला बँकेतली, कचेरीतली माणसं येतात, मग बोळात उभं राहावं लागतं, आणि या पावसात उभं राहायचं म्हणजे अर्धं अंग भिजतं. अडीचनंतर भाकरी संपते, भात उरतो.

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळं आहे. त्या खानावळीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत एकही बाई नव्हती, भाकरी थापणारी सोडून. खानावळ म्हणजे पुरुषांची जागा, असंच आम्ही लहानपणापासून बघत आलो. हमाल, ड्रायव्हर, कोर्टाच्या तारखेला आलेले शेतकरी, परगावचे विद्यार्थी. बायकांना फॅमिली रूम, आणि फॅमिली रूम असते मोठ्या हॉटेलात, मोठ्या भावाला. म्हणजे बाईनं स्वस्तात जेवायचं ठरवलं तरी तिला बसायला जागा महागातलीच.

११ जून २०२३ पासून आपल्याकडे कर्नाटकात शक्ती योजना आली आणि राज्याच्या साध्या बसमध्ये इथल्या बायकांचा प्रवास फुकट झाला. त्यानंतर आमच्या दुकानात दिसणारा फरक मी स्वतः बघितलाय. पूर्वी लग्नाचा बस्ता असेल तरच गावाकडच्या बायका एकत्र यायच्या, तेही कुणीतरी पुरुष सोबत घेऊन. आता खानापूरकडच्या, हुक्केरीकडच्या, सौंदत्तीकडच्या बायका दोघी-तिघी मिळून येतात. दवाखाना करतात, बँकेत जातात, परकरा-ब्लाऊजचं कापड घेतात, शिलाईचं काम घेऊन जातात. पलीकडे महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे चंदगडकडच्याही येतात. बसभाड्याची अडचण गेली. पण जेवणाची तशीच राहिली. सकाळी सातला घर सोडलेली बाई संध्याकाळी सातला घरी जाऊन जेवते. मधे एक चहा, फार तर एक केळं.

आज दुपारी अशाच दोघी आल्या. चंदगड तालुक्यातल्या एका गावच्या मायलेकी. आईच्या डोळ्याला दाखवायला दवाखान्यात आल्या होत्या. काम झालं, आता जाता जाता नातवाला कापड घ्यायचं होतं. पावणेतीन झाले होते. आईच्या डोळ्यात औषध घातलेलं, ती स्टुलावर डोळे मिटून बसली होती. मी विचारलं, "जेवलासा काय मावशी?"

"न्हाई गे. घरला जाऊन खाऊ."

"घरी पोचायला अंधार पडंल की."

"सवय हाय."

लेक हळूच मला म्हणाली, आईला साखरेच्या गोळ्या सुरू आहेत. मग मी काही ऐकून घेतलं नाही. मालकांना सांगून छत्री घेतली आणि दोघींना बोळात नेलं. दारापाशी मावशी थांबली. आत बघितलं, पुरुष बसलेले. "नको गे बाई," म्हणाली. मग खाली आवाजात, "आणि घेत्यात किती?" मी भाव सांगितला. तिनं लेकीकडे बघितलं. पिशवीतल्या पैशाचा हिशेब त्या दोघींच्या डोळ्यांत मला दिसत होता, आणि माझ्या पोटात तुटलं. या बाईनं आयुष्यभर स्वतः ताटं वाढली असणार. तिला भाव विचारताना असा आवाज खाली करावा लागू नये.

भाकरी संपलीच होती. अक्कानं मावशीचे औषध घातलेले डोळे बघितले, काटवट धुवायला घेतली होती ती परत पुढं ओढली आणि दोन भाकऱ्या थापल्या. भात लेकीला वाढला. दोघींचे मिळून शंभर घेतले. मी द्यायला लागले तर मावशीनं माझा हात धरला आणि कमरेच्या पिशवीतनं स्वतः पैसे काढले. मला ते फार आवडलं. भाव आधी कळला, परवडला, तिनं दिला. यात उपकार कुणाचाच नाही.

सरकारी सोय नाही असं नाही. इंदिरा कँटीनमध्ये सकाळचा नाश्ता ५ रुपयांत, जेवण १० रुपयांत मिळतं. बेंगळूरला २०१७ च्या ऑगस्टमध्ये ते सुरू झालं, मग बाकीच्या जिल्ह्यांत आलं. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली, तीही १० रुपयांची, दोन चपात्या, भाजी, वरण, भात. कुणी काहीही म्हणो, दहा रुपयांत गरम जेवण देणाऱ्या या दोन्ही योजनांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यानं किती जणांची दुपार निभावली असेल. पण बाजारातल्या बाईला, हातात पिशव्या, सोबत म्हातारं माणूस, रांगेत थांबून उभ्यानं खाणं जमत नाही. तिला बसायला जागा लागते, हात धुवायला पाणी लागतं, आणि शेजारी संडासाची सोय लागते. हे शेवटचं कुणी बोलत नाही. आमच्या दुकानातल्या पोरी दुपारी पाणीसुद्धा बेतानं पितात, कारण जायचं कुठं हा प्रश्न असतो.

मायलेकी गेल्यावर मी खानावळीच्या मालकांशी बोलले. वयानं मोठे आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. म्हटलं, मामा, दोन गोष्टी करा. भावाची पाटी आत गल्ल्याच्या मागं आहे ती बाहेर दारावर लावा, मोठ्या आकड्यांत. ताट किती, अर्धं ताट किती, सुटी भाकरी किती. आत आल्यावर भाव कळला तर माणूस लाजेनं बसतं किंवा लाजेनं उठतं. आणि भिंतीकडचं एक टेबल बायकांसाठी ठेवा. पडदा नको, वेगळा भाव नको. नुसतं टेबल.

मामा आधी म्हणाले, "अर्ध्या ताटात मला काय सुटतंय गा बाई?" मग मी कागदच काढला. एक भाकरी, एक भाजी, चटणी, ताक, चाळीस रुपये. भात नाही, म्हणजे टाकून जाणारा भातही नाही. अडीचनंतर तुमची बरीचशी टेबलं रिकामी असतात, तेव्हा बाजार करून दमलेल्या बायका येतील. तांदूळ, ज्वारी, गॅस, मजुरी, सगळं लिहून दाखवलं. सुटतात थोडे, पण सुटतात. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "पीठ अडीचच्या पुढं मळायला अक्का तयार पायजे," एवढंच म्हणाले. अक्का आतून म्हणाली, मजुरी वाढवली तर तयार आहे. बरोबरच आहे तिचं. धुरात आणि जाळापाशी ती बसते. स्वस्त जेवणाचा भार तिच्या एकटीच्या खांद्यावर टाकायचा नाही, हेही मी मामांना बोलले. हिशेबात तिचे पैसे वाढवून परत मांडला तर अर्धं ताट पंचेचाळीसला बसतं. पंचेचाळीसही चालेल.

शुक्रवार

पाटी अजून आतच आहे. पण मामांनी आज स्वतःहून विचारलं, "उद्या शनिवार, बाजाराचा दिवस. किती जणी येतील तुमच्या वळखीच्या?" दुकानातल्या दोघी आणि समोरच्या भांड्यांच्या दुकानातली एक तयार आहेत. शेजारच्या टेलरिंगवालीला उद्या सकाळी विचारते. अक्काला सांगून ठेवलंय, मसुरीची आमटी कर आणि आमच्या वाटच्या भाकऱ्या पावणेतीनला तव्यावर टाक.