हँडी लावताना : पहिलं चॅनेल कळा दाबूनच भरलं

हौशी रेडिओची परीक्षा पास झाले, परवाना आणि कॉल साइन (रेडिओवरची आपली अधिकृत ओळख) मिळाली आणि मग बाओफेंग यूव्ही-५आर हा छोटा रेडिओ घेतला. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, अशा रेडिओला नुसतं ‘हँडी’ म्हणतात. ओळखीच्या बहुतेकांचा सल्ला एकच होता. केबल घे, संगणकाला जोड, आमची तयार फाइल त्यात टाक, पाच मिनिटांत सगळी चॅनेलं भरून होतील. सल्ल्यात चूक काही नव्हती. पण निदान पहिला रिपीटर (आपला आवाज पुढे पोचवणारं उंचावरचं यंत्र) तरी मला रेडिओच्या कळांवरून, एकेक आकडा समजून घेत भरायचा होता. आज मला कोणी विचारलं तर मीही हेच सांगते. ज्याने एक चॅनेल हाताने भरलंय, त्याला रेडिओ गप्प झाला की नेमकं कुठे बघायचं ते कळतं. ज्याच्याकडे नुसती फाइल आहे, त्याला फाइल देणारा माणूस शोधत बसावं लागतं.

खोक्यातून काढल्यावरचं काम फारसं नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, पट्ट्याची क्लिप लावायची, अँटेना बसवायचा. यातलं अँटेनाचं तेवढं मनावर घ्या. अँटेना नसताना बोलायचं बटण, म्हणजे पीटीटी, अजिबात दाबू नये. बाहेर पडायला वाट नसलेली शक्ती उलटी फिरते आणि प्रसारणाच्या शेवटच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर त्यात जाऊ शकतो. अँटेना बुडाशी धरून फिरवायचा, वरची रबरी काठी पिळायची नाही. पुढेमागे दुसरा अँटेना घ्याल तेव्हा जोडणी नीट बघून घ्या. या रेडिओवर मधली पिन रेडिओच्या बाजूला असते, इतर काही कंपन्यांच्या हँडीवर ती अँटेनाच्या बाजूला असते. जोडणीचं नाव दोन्हीकडे ‘एसएमए’च, पण चुकीची जोडी एकमेकांत बसत नाही.

पहिले काही दिवस मी बोललेच नाही, नुसतं ऐकलं. ऐकायला सुरुवात करायची म्हणजे आधी स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारी सोय, समजून घ्यायचा. मेनू ० मध्ये स्क्वेल्च शून्यावर नेला की स्पीकरमधून अखंड खरखर सुरू होते. ती खरखर म्हणजे रेडिओ बिघडलेला नाही, तो रिकाम्या फ्रिक्वेन्सीचा आवाज आहे. आता स्क्वेल्च एकेक पायरी वाढवत न्यायचा. ज्या पायरीवर खरखर बंद पडते तिथेच थांबायचं. पुष्कळ जण शांतता हवी म्हणून आकडा आणखी वर नेऊन ठेवतात आणि लांबची, क्षीण स्टेशनं मग त्यांना कधी ऐकूच येत नाहीत. मी अजूनही स्क्वेल्च खालीच ठेवते. अधूनमधून खरखर झाली तर होऊ दे. कोणी अगदी अंधुक बोलतंय अशी शंका आली की पीटीटीखालचं बटण दाबून धरायचं. स्क्वेल्च तेवढ्यापुरता उघडतो आणि खरखरीच्या आतला माणूस ऐकू येतो.

ऐकता ऐकता रिपीटर कसा चालतो ते डोक्यात बसलं. उंचावर बसवलेला रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने सोडतो. म्हणजे आपल्या रेडिओने ऐकायचं एका ठिकाणी आणि बोलायचं दुसऱ्या ठिकाणी. दोहोंतल्या अंतराला ऑफसेट म्हणतात. दोन मीटरच्या बँडवर, म्हणजे साधारण दोन मीटर लांबीच्या लाटांच्या पट्ट्यात, हा ऑफसेट सहसा ६०० किलोहर्ट्झ असतो. रिपीटर १४५.७०० मेगाहर्ट्झवर ऐकू येत असेल आणि ऑफसेट उणे असेल, तर आपण बोलायचं १४५.१०० वर. सत्तर सेंटिमीटरच्या बँडवर मात्र देशोदेशी वेगळी पद्धत आहे. कुठे १.६ मेगाहर्ट्झ, कुठे ५, कुठे ७.६. तिथे अंदाज चालत नाही, आपल्या देशाचा बँडप्लॅन, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी कशासाठी याचा आराखडा, बघावाच लागतो.

तिसरी गोष्ट टोनची. आपल्या आवाजाखाली रेडिओ एक बारीक गुणगुण सतत पाठवतो, ६७.० ते २५४.१ हर्ट्झमधली ठरलेली. ऐकणाऱ्या रेडिओतला फिल्टर ती गाळून टाकतो, म्हणून ती कानाला जाणवत नाही. पण रिपीटर तिचीच वाट बघत असतो. टोन जुळला तर दार उघडतं, नाहीतर तुम्ही कितीही बोला, रिपीटर ढिम्म. टोनमुळे बोलणं गुप्त राहतं असा एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. त्या फ्रिक्वेन्सीवर असलेल्या कोणालाही सगळं ऐकू येतं.

आता प्रत्यक्ष भरणं. वरचे आकडे उदाहरण म्हणून धरते. केशरी बटणाने व्हीएफओमध्ये (फ्रिक्वेन्सी थेट टाइप करायच्या स्थितीत) यायचं आणि बाण पडद्यावरच्या वरच्या ओळीवर आणायचा. या रेडिओवर चॅनेल वरच्या ओळीवरूनच नीट भरलं जातं. मेनू ७ मधला ड्युअल वॉच (दोन्ही ओळींवर लक्ष ठेवणं) बंद करायचा, नाहीतर खालच्या ओळीवर काही ऐकू आलं की रेडिओ मध्येच तिकडे उडी मारतो. मग १४५.७०० टाइप करायचं, मेनू २६ मध्ये ऑफसेट ००.६००, मेनू २५ मध्ये दिशा उणे, मेनू १३ मध्ये पाठवायचा टोन. मेनू ११ मध्ये ऐकायचा टोन असतो, तो मी बंद ठेवला आणि सुरुवातीला सगळ्यांनी बंदच ठेवावा असं माझं मत आहे. तो चालू असेल आणि रिपीटर उलट टोन पाठवत नसेल, तर समोर गप्पा रंगलेल्या असतात आणि आपला रेडिओ शांत बसलेला असतो.

यानंतरची पायरी छापील पुस्तिकेतून सहज उलगडत नाही, म्हणून सविस्तर सांगते. मेनू २७ मध्ये रिकामा क्रमांक निवडून जतन केलं की रेडिओ बोलून सांगतो, ‘रिसीव्हिंग मेमरी’. इथे निम्मंच काम झालेलं असतं. फक्त ऐकायची फ्रिक्वेन्सी साठवली गेली आहे. आता मेनूतून बाहेर येऊन तारांकित स्कॅनची कळ एकदा दाबायची. पडद्यावरचे आकडे बदलून १४५.१०० होतात. पुन्हा मेनू २७, पुन्हा तोच क्रमांक, पुन्हा जतन. या वेळी आवाज येतो, ‘ट्रान्समिटिंग मेमरी’. आता चॅनेल पूर्ण भरलं. तीच कळ परत दाबून आकडे पूर्ववत करायचे. क्रमांक आधीच भरलेला असेल तर तो मेनू २८ मधून आधी पुसायचा.

माझ्या हाताशी असलेल्या यादीतले आकडे भरले, बराच वेळ ऐकून फ्रिक्वेन्सी मोकळी असल्याची खात्री केली, कॉल साइन सांगितली आणि बटण सोडलं. काहीच नाही. रिपीटर चालू असेल तर बटण सोडल्यावरही एक-दोन सेकंद त्याचा वाहक (आवाजाविना नुसती लहर) टिकतो, स्पीकर उघडा राहतो आणि मग ‘खट्’ करून मिटतो. हॅम लोक त्याला शेपूट म्हणतात. ते शेपूट आलंच नाही. इथे हाताने भरल्याचा उपयोग झाला. कारणं मोजकीच होती आणि प्रत्येकाचा मेनू मला माहीत होता. ऑफसेट आणि दिशा तपासली, बरोबर होती. रिपीटर मला खणखणीत ऐकू येत होता, तेव्हा माझी शक्ती अगदीच तिथवर पोचत नसेल असंही वाटेना. उरला टोन. दुसरे लोक बोलत असताना मेनू ११ उघडून स्कॅनची कळ दाबली. रेडिओ एकेक टोन तपासत गेला आणि ८८.५ वर थांबला. यादीत वेगळाच आकडा होता, म्हणजे यादी जुनी झाली होती. मेनू ११ परत बंद केला, मेनू १३ मध्ये ८८.५ टाकला आणि चॅनेल पुन्हा जतन केलं. ही युक्ती चालायला रिपीटरने स्वतः टोन सोडायला हवा. सगळेच सोडत नाहीत, पण करून बघण्यासारखी आहे.

या वेळी शेपूट आलं आणि पाठोपाठ एका अनुभवी हॅमचा आवाजही. ते म्हणाले, “तुमचा आवाज येतोय, पण मागे खरखर फार आहे. जागा बदलून बघता का?” मी खोलीच्या मधोमध उभी होते. खिडकीपाशी गेले, रेडिओ चेहऱ्यासमोर आणला, अँटेना सरळ उभा केला. “आता स्वच्छ,” ते म्हणाले. शक्तीचं सेटिंग तेच होतं, बॅटरी तीच होती. दोन मीटरची लाट भिंतींवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी फिरते. काही जागी त्या वाटा एकमेकींना मारतात आणि अर्ध्या मीटरवर त्याच एकमेकींना साथ देतात. म्हणून खरखर आली की आधी पाऊलभर सरकावं.

वॅटच्या मागे धावण्यापेक्षा उंचीच्या मागे धावावं, हे माझं पक्कं मत तिथून बनलं. एक वॅटचे पाच वॅट केले तर फरक पडतो सात डेसिबलचा, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल-मीटरवर जेमतेम एक पायरी (एस-युनिट). उंचीचं गणित मात्र उदार आहे. अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ ने गुणा. रेडिओचं क्षितिज तेवढ्या किलोमीटरवर असतं. दीड मीटरवर ते पाच किलोमीटर येतं. सपाट मोकळ्या जमिनीवर उभ्या दोन माणसांची क्षितिजं जोडली तरी दहाच किलोमीटर. तीच हँडी १०० मीटर उंच माथ्यावर नेली तर एकटीचं क्षितिज ४१ किलोमीटरवर जातं. शिवाय रेडिओ कमरेला लटकवून बोलू नका, आपलं शरीर सिग्नलचा बराच भाग खातं. सोबत येणारा तोकडा रबरी अँटेना ही तडजोड आहे. या बँडवर पाव लाटेची लांबी साधारण ५० सेंटिमीटर भरते आणि तेवढ्या लांबीच्या पातळ काठीचा अँटेना लावला की फरक कानाला कळतो.

याचा सगळ्यात सुंदर दाखला अंतराळातून मिळाला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि शाळेतल्या मुलांशी अंतराळवीर बोलतात तेव्हा त्यांचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो. मेनू ५ मध्ये रुंद बँड ठेवला, स्क्वेल्च उघडा टाकला आणि मोकळ्या आकाशाखाली उभी राहिले. खरखरीतून आवाज हळूहळू वर आला आणि काही मिनिटं इतका स्पष्ट झाला की शब्दन्‌शब्द कळत होता. मुलांचे प्रश्न ऐकू येत नव्हते, कारण ते दुसऱ्याच ठिकाणाहून वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर वर जात होते. डोंगराआडचा जवळचा रिपीटर जिथे लागत नाही, तिथे याच हँडीवर अंतराळातला माणूस ऐकू येतो, कारण मध्ये आड यायला काही नसतं. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

बोलण्याची शिस्त थोडी आहे, पण ती पाळायलाच हवी. आधी ऐकायचं. पीटीटी दाबल्यावर सेकंदभर थांबून बोलायचं, कारण रिपीटरला टोन ओळखून उघडायला तेवढा वेळ लागतो आणि घाई केली तर कॉल साइनचं पहिलं अक्षरच कापलं जातं. माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित तिरपा धरायचा. दोघांच्या बोलण्यामध्ये क्षणभर जागा सोडायची. कोणाला तातडीची मदत हवी असेल तर त्याला शिरायला तीच फट असते. शेपूट येतंय का हे बघायला कॉल साइन न सांगता नुसतं बटण दाबणारे असतात. ऐकणाऱ्या सगळ्यांना त्याचा त्रास होतो.

केबल मी त्यानंतर वापरली. तिचा दुहेरी पिनांचा प्लग रेडिओत शेवटपर्यंत दाबावा लागतो, अर्धवट बसला तर संगणकाला रेडिओ दिसत नाही. चर्प या मोफत प्रोग्रॅममध्ये आधी रेडिओतलं सगळं उतरवून घेतलं आणि ती मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवली. तक्त्यात मी भरलेलं चॅनेल दिसलं : १४५.७००, उणे, ०.६००, टोन ८८.५. प्रत्येक रकाना ओळखीचा होता. बाकीची चॅनेलं मग भराभर भरली.

एक गोष्ट संगणकावरूनच केली आणि ती प्रत्येकाने करावी. हा रेडिओ १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये जवळजवळ कुठेही प्रसारण करू शकतो आणि त्याच पट्ट्यात जहाजांचं १५६.८०० हे संकटकाळचं चॅनेल आहे, इतर सेवाही आहेत. हॅम परवान्यावर तिथे बोलता येत नाही. चौकोनी चिन्हाची कळ दाबून धरली की कळफलक कुलूपबंद होतो, पण पीटीटी चालूच राहतं. त्यामुळे पिशवीत बटण दाबलं गेलं तर कुलपाचा काही उपयोग नाही. चर्पमध्ये ड्युप्लेक्सच्या (ऑफसेटच्या दिशेच्या) रकान्यात ‘ऑफ’ निवडलं की त्या चॅनेलवर प्रसारणच होत नाही. अंतराळ स्थानकाचं १४५.८०० आणि जी जी चॅनेलं मी केवळ ऐकण्यासाठी ठेवली आहेत, ती सगळी मी अशी बंद करून ठेवली आहेत.