चित्र तेच, सूर वेगळा

‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या चित्रपटाच्या अखेरीस जुलमी साम्राज्याचा पाडाव होतो आणि एंडॉरच्या जंगलात इवॉक ही ठेंगणी वनवासी मंडळी रात्रभर उत्सव करतात. त्या उत्सवात क्षणभर एक दृश्य येते. हरलेल्या सैनिकांची पांढरी शिरस्त्राणे ओळीने मांडलेली आहेत आणि त्यांच्यावर काठ्यांनी ठेका धरला जात आहे. १९८३ साली ज्यांनी हा चित्रपट पाहिला, त्यांना तो ठेका ‘यब नब’ या गाण्याचा म्हणून आठवतो. इवॉकांच्या बोलीतले, लहान मुलांच्या तोंडी सहज बसेल असे ते गाणे आहे. १९९७ साली हाच चित्रपट ‘स्पेशल एडिशन’ म्हणून पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्या जागी मालिकेचे संगीतकार जॉन विल्यम्स यांनीच नव्याने रचलेली, बासरीच्या सुरांवर तरंगणारी संथ धून आली. शिरस्त्राणे जिथल्या तिथे राहिली, त्यांच्यावरचे गाणे मात्र गेले.

या एका बदलावरून चाहत्यांमध्ये गेली जवळजवळ तीस वर्षे जो वाद चालू आहे, तो बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटण्याची शक्यता आहे. मला तो तसा वाटत नाही. नव्या आवृत्तीची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट मांडले पाहिजे, कारण ते वजनदार आहे. नव्या शेवटात उत्सव एका जंगलापुरता राहत नाही. बेस्पिन, टॅटूइन, कोरुसान्त अशा दूरदूरच्या ठिकाणी लोक रस्त्यावर उतरलेले दिसतात. एका टोळीचे, त्यांच्याच बोलीतले गाणे या सगळ्या दृश्यांवर बसले नसते, आणि तीन चित्रपटांभर ताणलेल्या लढ्याचा शेवट अधिक व्यापक सुरात व्हावा ही अपेक्षा गैर नाही. ती धून स्वतंत्रपणे ऐकली तर सुंदर आहे, हेही मी मोकळेपणाने मान्य करतो.

तरीही माझे मन जुन्या गाण्याकडे ओढ घेते, आणि त्याचे कारण केवळ बालपणीच्या आठवणीत नाही. ज्यांना साम्राज्याने खिजगणतीत धरले नाही, त्या ठेंगण्या वनवासींनी हा विजय खेचून आणला, हा त्या कथेचा गाभा होता. शेवटचा शब्द त्यांच्या भाषेत होता आणि आपले नायक त्यांच्या अंगणातले पाहुणे होते. गाणे चढत चढत मोठ्या कोरसपर्यंत जाई आणि त्यातूनच श्रेयनामावलीच्या तुताऱ्या फुटत. नव्या धुनेत विजय साऱ्या आकाशगंगेचा झाला, पण तो ज्यांच्या हातून झाला, त्यांचा आवाज मागे पडला. चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड मार्क्वंड १९८७ सालीच निवर्तले होते, त्यामुळे हा बदल पाहण्यास किंवा त्यावर मत देण्यास ते नव्हते, ही गोष्ट मला दर वेळी बोचते.

त्याच चित्रपटातला दुसरा बदल मात्र मला कोणत्याच बाजूने पटवून घेता आलेला नाही. गुन्हेगारांचा म्होरक्या जॅबा याच्या दरबारात १९८३ साली ‘लाप्टी नेक’ हे गाणे वाजत असे. हटीज या काल्पनिक भाषेतले शब्द, त्या काळच्या डिस्कोच्या जवळ जाणारा ठेका, आणि सोंडेसारख्या लांब तोंडाच्या टोकाशी ओठ असलेली, बाहुलीच्या रूपातली गायिका साय स्नूटल्स. १९९७ साली तिथे जेरी हे यांनी रचलेले ‘जेडाय रॉक्स’ आले. बाहुलीच्या जागी संगणकावर घडवलेली गायिका आली, तिच्या जोडीला आणखी एक केसाळ गायक आला आणि तीन जणांच्या ताफ्याचा मोठा वाद्यवृंद झाला. नर्तिका ऊलाची भूमिका करणाऱ्या फेमी टेलर यांनी इतक्या वर्षांनंतर तीच भूमिका पुन्हा उभी करून नवी दृश्ये दिली, आणि त्यांच्या त्या कष्टांचे मला मनापासून कौतुक आहे.

अलीकडे हे दोन्ही प्रसंग मी कानांवर हेडफोन लावून एकापाठोपाठ एक पाहिले. जुन्या प्रसंगात गाणे खोलीच्या कोपऱ्यातून आल्यासारखे ऐकू येते. रोज रात्री हेच वाजत असावे आणि दरबारातल्या कोणाचेच तिकडे लक्ष नसावे, असा त्याचा सूर आहे. त्या निर्विकार ठेक्यावर ऊलाच्या गळ्यातली साखळी खेचली जाते, ती मागे रेटते आणि तिच्या पायाखालची जमीन उघडते. करमणूक आणि क्रौर्य इथे एकाच खोलीत राहतात, हे त्या सामान्य गाण्यामुळेच कळते. नव्या प्रसंगात गाणे खोली सोडून थेट आपल्यासमोर येते, गायकाचे उघडे तोंड कॅमेऱ्यावर आदळते आणि तेवढा वेळ कथा थांबून राहते. ऊला पडते तेव्हा तिच्यासाठी जी धास्ती आपल्या मनात साचायला हवी होती, ती साचलेलीच नसते. रचना म्हणून ‘जेडाय रॉक्स’ वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण त्या प्रसंगाला असे गाणे चालत होते की ज्याच्याकडे कोणी वळून पाहणार नाही.

२००४ च्या डीव्हीडीवरून झालेला वाद आणखी बारीक आहे. पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये बंडखोरांची विमाने साम्राज्याच्या ‘डेथ स्टार’ या महाकाय युद्धतळावर झेप घेतात, त्या क्षणी उसळणाऱ्या तुताऱ्या या डीव्हीडीत विमानांच्या घरघरीखाली दबलेल्या ऐकू आल्या. एकही स्वर बदललेला नव्हता, फक्त पातळी उतरली होती, आणि तरीही जाणत्या कानांनी ते ताबडतोब टिपले.

चित्रातल्या एखाद्या दुरुस्तीला डोळा लवकर सरावतो, मात्र सुराच्या बाबतीत कान तसा सरावत नाही. माझ्या मते याचे कारण असे की अनेक चित्रपटांत संगीत चित्रावर पांघरलेले नसते, चित्रच त्याच्या आधाराने उभे असते. ‘ई.टी.’च्या शेवटच्या पाठलागाचे संगीत ध्वनिमुद्रित करताना पडद्यावरच्या चित्राशी काटेकोर मेळ साधेना, तेव्हा स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी चित्र बाजूला ठेवायला सांगितले, जॉन विल्यम्स यांनी मैफलीत वाजवावे तसे ते वाजवून घेतले, आणि नंतर चित्राचे संकलन त्या संगीताबरहुकूम केले गेले. २००२ च्या आवृत्तीत त्याच चित्रपटातल्या बंदुका पुसून तिथे वॉकीटॉकी आणले गेले, त्यावरही टीका झाली आणि स्पिलबर्ग यांनी पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला. पण त्या पाठलागाच्या संगीताला हात लागला असता तर अख्खा प्रसंगच उसवला असता.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मूकपटाच्या काळातले आहे. फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ १९२७ साली बर्लिनमध्ये गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांनी वाद्यवृंदासाठी रचलेल्या संगीतासह सादर झाला आणि थोड्याच काळात त्याला मोठी कात्री लागली. १९८४ साली संगीतकार जॉर्जिओ मोरोडर यांनी उपलब्ध चित्रफीत रंगछटा देऊन, सुमारे ८० मिनिटांत बसवून, फ्रेडी मर्क्युरी, बॉनी टायलर, पॅट बेनाटार अशा गायकांच्या गाण्यांसह नव्याने आणली. अनेकांना ती पाखंडी वाटली. मात्र तिच्यामुळेच हा चित्रपट एका अख्ख्या पिढीपर्यंत पोहोचला, आणि ज्यांनी तो प्रथम त्या सिंथेसायझरच्या सुरांत पाहिला, त्यांच्या दृष्टीने तेच त्याचे संगीत आहे. त्यांच्या प्रेमाला खोटे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

पुढे २००८ साली ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात बरीच लांब अशी १६ मिमी प्रत सापडली, आणि हरवलेल्या भागातले सुमारे २५ मिनिटांचे चित्रण परत मिळाले. ते कुठे, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ बसवायचे, हे ठरवताना हुपर्ट्झ यांच्या स्वरलिपीचा मोठा उपयोग झाला, कारण पडद्यावर काय घडत असताना काय वाजायचे, याच्या हजाराहून अधिक खुणा तीत नोंदवलेल्या होत्या. चित्र विस्कटले होते आणि सूर शाबूत राहिले होते, म्हणून चित्र जागेवर बसले. २०१० साली ती आवृत्ती प्रदर्शित झाली. संगीत म्हणजे वरची सजावट आणि ती केव्हाही बदलता येते असे कोणी म्हणाले की मला प्रथम ही स्वरलिपी आठवते.

पण ‘मूळ’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न चाहते समजतात तेवढा सोपा नाही. ‘एलियन’साठी संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांनी रचलेले काही भाग १९७९ च्या चित्रपटात वापरलेच गेले नाहीत, त्यांच्या जागी गोल्डस्मिथ यांच्याच एका जुन्या चित्रपटातले तुकडे आणि शेवटी हॉवर्ड हॅन्सन यांच्या दुसऱ्या सिम्फनीचा अंश घातला गेला. संगीतकाराची रचना मूळ मानायची, की प्रेक्षकांनी ऐकली ती? ‘डॉनी डार्को’ने तर हा पेच उलटा टाकला. दिग्दर्शक रिचर्ड केली यांच्या मनात सुरुवातीच्या सायकलच्या दृश्यासाठी आयएनएक्सएस या बँडचे गाणे होते, पण २००१ साली तिथे एको अँड द बनीमेनचे ‘द किलिंग मून’ वाजले आणि प्रेक्षकांच्या मनात त्यानेच घर केले. २००४ च्या आवृत्तीत दिग्दर्शकाने स्वतःचा पहिला बेत पुरा केला, तेव्हा अनेक चाहत्यांना ते घरातली वस्तू हलवल्यासारखे वाटले. दिग्दर्शकाच्या इच्छेचा मी आदर करतो, तरी इथे माझा कौल नाइलाजाने निवडलेल्या गाण्याला आहे, कारण पहाटेच्या डोंगररस्त्यावर जागा होणारा तो मुलगा आणि त्या गाण्यातली चंद्राची भीती एकमेकांसाठीच जन्मल्यासारखी वाटते.

म्हणूनच या वादात कोणते संगीत श्रेष्ठ, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. निर्मात्याने आपली कृती पुन्हा हाती घ्यावी, हवी तर दहा वेळा घ्यावी. जुनी आवृत्ती मात्र काढून घेऊ नये. ‘एलियन’च्या डिस्कवर गोल्डस्मिथ यांचे मूळ संगीत आणि चित्रपटात वापरलेले संगीत अशा दोन्ही पट्ट्या स्वतंत्रपणे ऐकण्याची सोय मिळाली, तेव्हा कोणाचेच काही बिघडले नाही. ‘स्टार वॉर्स’चे जनक जॉर्ज लुकास यांनी १९८८ साली अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष देताना चित्रपटांत मागाहून केल्या जाणाऱ्या फेरफारांविरुद्ध कळकळीने बाजू मांडली होती. त्यांचा रोख इतरांच्या कृती बदलणाऱ्या मालकांवर होता आणि निर्मात्याचा हक्क त्यांना महत्त्वाचा होता, हे मला समजते. पण त्यांच्या चित्रपटांत ज्या वादकांनी, गायकांनी आणि बाहुली हलवणाऱ्या हातांनी काम केले, त्यांच्या कामालाही त्याच कळकळीची गरज होती. २००६ साली ‘स्टार वॉर्स’च्या जुन्या आवृत्त्या डीव्हीडीवर आल्या खऱ्या, पण जोडडिस्क म्हणून, १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून, आणि आजच्या रुंद पडद्यावर त्यांचे चित्र फिके व आखूड दिसते.

मी तीच डिस्क लावतो. चित्राच्या चारही बाजूंना काळी पट्टी राहते, इवॉकांच्या शेकोट्यांभोवतीचा अंधार दाणेदार होतो, आणि मग ती शिरस्त्राणे येतात. काठ्या ज्या गाण्यासाठी उचलल्या गेल्या होत्या, तेच गाणे तेव्हा सुरू असते.